देवळालीचा ताप आणि सोल्जरांची नाटकमंडळी

इंग्रजीत भ्रमिष्टाला ‘डूलॅली’ म्हणतात. शब्द नाशिकजवळच्या आमच्या देवळालीचा. मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहत; रिकामपणाने डोकं फिरलं की ‘देवळाली टॅप’ झाला म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप!

दुसऱ्या महायुद्धात याच छावणीत तोफखान्यातल्या शिपायांची करमणूक मंडळी होती. जिमी पेरी त्यातलाच. पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर त्याने त्यावर बीबीसीसाठी ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही मालिका लिहिली (१९७४-८१).

तिच्यातल्या मंडळींना गाण्याची हौस आहेच, पण खरी धास्ती ब्रह्मदेशच्या आघाडीची. सार्जंट-मेजरला ही ‘बायकी’ पोरं जंगलात लढायला धाडायची आहेत. खेळ चालू तोवर जीव सुरक्षित. स्त्रीवेषातला ‘ग्लोरिया’ त्याच्या डोळ्यांत विशेष सलतो. बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या आपल्याला तो संताप गमतीदारच वाटेल.

खटकतं ते दुसरंच. रंगीराम या हिंदी बेअररचं काम गोऱ्या मायकेल बेट्सने चेहरा रंगवून केलं. तो जन्मला झाशीत, हिंदुस्थानीही बोलायचा. चित्रीकरण मात्र सगळं इंग्लंडात.