बोटीवरचा हीटर धूर टाकू लागला, तर...

कोकणातील कितीतरी घरांतला एखादा मुलगा बोटीवर नोकरीला असतो. थंड मुलुखातून त्याचा फोन येतो, "केबिनचा हीटर धूर टाकतोय, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं." घरचे सांगतात, बाम चोळ आणि झोप. वाचकहो, अशा वेळी झोपणे हाच धोका असतो. आधी उपचार हवा तो हीटरला.

थंड प्रदेशातील लहान बोटींवर डिझेलचे हीटर असतात. पंप थोडे थोडे डिझेल एका बंद कोठीत सोडतो आणि ग्लो प्लगच्या उष्णतेने ते पेटते. धूर पाइपाने बोटीबाहेर जातो. केबिनची हवा कोठीच्या बाहेरून फिरून गरम होते, ज्वाळेशी तिचा संबंध येत नाही. म्हणूनच केबिनमध्ये धुराचा वास आला, की कुठेतरी गळती आहे असे समजावे.

हीटर सुरू होताना पाइपातून थोडा पांढरा धूर येतो, ते न जळलेले डिझेल असते. तो थांबलाच नाही, तर बॅटरी किंवा ग्लो प्लग तपासावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. बहुधा कोठीत काजळी साचलेली असते किंवा पाइप तुंबलेला असतो. हीटर सतत मंद ठेवल्यास काजळी लवकर धरते, म्हणून तो अधूनमधून पूर्ण जोरात चालवावा. बंद करताना बटणच वापरावे, चालू हीटरची वीज तोडू नये. पंखा कोठी थंड करून मगच थांबतो.

हीटर सर्व्हिसिंगला दिला, की कारागिराकडून काजळी साफ करून घ्यावी, ग्लो प्लगची जाळी, गास्केट व डिझेलचा फिल्टर बदलून घ्यावा आणि धुराच्या पाइपाचा प्रत्येक सांधा तपासून घ्यावा. तोवर हीटर बंदच ठेवावा.

एवढी काळजी कशासाठी? अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. ताप नसतो. एकाच केबिनमधील सर्वांना एकदम त्रास होतो आणि उघड्यावर गेले की बरे वाटते, ही त्याची खूण.

जानेवारी 2014 मध्ये इंग्लंडमधील व्हिटबी बंदरात 'एश्कॉल' या मासेमारी बोटीवर ऊब मिळावी म्हणून गॅस कुकरचा ग्रिल पेटता ठेवून दोन मच्छीमार झोपले. ते पुन्हा उठले नाहीत. बोटीवर या वायूचा अलार्म नव्हता. धुराचा अलार्म या वायूची सूचना देत नाही, वेगळाच लावावा लागतो.

त्रास जाणवताच सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, हीटर बंद करावा आणि डॉक्टरांना गाठावे. रुग्णाला प्राणवायू द्यावा लागतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, विषबाधा असतानाही तो आकडा चांगला दाखवू शकतो.

आपल्याकडे थंडीत खोली बंद करून शेगडी पेटवतात, कोंदट न्हाणीघरात गॅस गीझर लावतात. वायू तोच आणि धोकाही तोच. तेव्हा मुलाला फोनवर बजावताना आपल्याही घराची खिडकी उघडी ठेवा.