वाळवीचे नाते झुरळाशी!

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात. पण मुंगीचे नाते मधमाशीशी आहे आणि वाळवीचे झुरळाशी! पटत नाही ना? मग ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर भागातील या दोन कीटकांची तुलना करा.

‘मास्टोटर्मिस डार्विनिएन्सिस’ या वाळवीचा कामकरी सुमारे १ सें.मी. लांब असतो. ‘मॅक्रोपॅनेस्थिया ऱ्हायनोसेरस’ हे क्वीन्सलँडमधील बिनपंखी झुरळ ८ सें.मी.पर्यंत वाढते व ३० ग्रॅम भरते. वाळवी लाकूड खाते, तर झुरळ निलगिरीचा वाळलेला पाला.

दोघांचा आकार सारखाच आहे असे समजू. लांबी ८ पट, म्हणून पृष्ठफळ ८×८ = ६४ पट, पण घनफळ ८×८×८ = ५१२ पट. म्हणजेच दर ग्रॅम वजनामागे वाळवीची त्वचा झुरळाच्या ८ पट! त्वचेतूनच शरीरातील पाणी उडून जाते. त्यात वाळवीचे अंग मऊ. उन्हात ती लवकरच सुकून मरेल.

झुरळाचे रक्षण त्याचे थोराड शरीर व जाड कवच करतात. ते सुमारे १ मीटर खोल बीळ खणते आणि रात्री बाहेर येऊन पाला आत ओढून नेते. मादी पिलांना कित्येक महिने बिळातच सांभाळते. वाळवीचे रक्षण तिचा समाज करतो. हजारो कामकरी मिळून बंद बोगदे बांधतात व आतली हवा दमट राहते.

मग नाते कशावरून ओळखायचे? बहुतेक वाळव्या सुटी अंडी घालतात. मास्टोटर्मिस मात्र सुमारे २० अंडी दोन ओळींत चिकटवून घालते. घरातील झुरळाच्या अंड्यांच्या डबीतही अशाच दोन ओळी असतात. २००७ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील संशोधकांनी डीएनएची तुलना करून दाखवले, की वाळव्या म्हणजे समाज करून राहणारी झुरळेच होत. अर्थात, बिळातले हे झुरळ वाळवीचे पूर्वज नव्हे, दूरचे भावंड आहे.

आता एक प्रयोग करा. बटाट्याचा २ सें.मी. बाजूचा एक घन आणि १ सें.मी. बाजूचे ८ घन कापा. दोन्हींचे वजन जवळजवळ सारखेच भरेल. दोन तास उन्हात ठेवून पुन्हा तोला. कोणाचे पाणी जास्त उडाले? मग तसेच ८ ताजे घन झाकणाच्या डबीत घालून दोन तास सावलीत ठेवा व तोला. वाळवी बोगदा का बांधते, ते तराजूच सांगेल.