मोटारसायकलचा ऑक्सिजन सेन्सर : तपासणी आणि बदल

पहाटे डेअरीवर दूध घालणे, मळ्यातला पंप सुरू करणे, इंदापूरहून खते-औषधे आणणे. लोणी देवकर परिसरातील शेतकऱ्याची ही सारी कामे मोटारसायकलवर चालतात. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज-६ मानके लागू झाली. तेव्हापासून बहुतेक पेट्रोल मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन पद्धत आली आणि तिच्याबरोबर धुरातील ऑक्सिजन ओळखणारा सेन्सरही आला.

कार्य : १ भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण बिघडल्याचे सेन्सर कळवितो आणि त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त सोडले जाते.

लक्षणे : इंजिनाचा दिवा पेटून राहतो, अ‍ॅव्हरेज घटते, प्लग काळा पडतो. जादा पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो निकामी होऊ शकतो. हा भाग सेन्सरपेक्षा बराच महाग असतो. म्हणून दुर्लक्ष करू नये. तापलेली गाडी उसाच्या पाचटावर मुळीच उभी करू नये.

आधी तपासणी : पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी मुळाशी पाणी साचले आहे का ते पाहतो. येथेही तसेच करावे. उंदराने वायर कुरतडली आहे का, कपलर सैल किंवा ओला आहे का, सायलेन्सरच्या जोडातून धूर गळतो का, हे पाहावे. मेकॅनिककडून स्कॅनर लावून बिघाडाचा कोड काढून घ्यावा. सेन्सरच सदोष ठरला तरच तो बदलावा.

बदलण्याची पद्धत :
१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व चावी बंद करावी.
२) कपलरची खिट्टी दाबून तो सोडवावा. वायर ओढू नये.
३) योग्य मापाच्या पान्याने सेन्सर फिरवावा. जाम असल्यास आट्यांवर गंज सोडविणारे तेल टाकून थांबावे. तरीही न सुटल्यास जोर न लावता मेकॅनिककडे जावे.
४) त्याच मॉडेलचा नवा सेन्सर घ्यावा. त्याच्या टोकाला तेल, ग्रीस लावू नये.
५) प्रथम हातानेच आटे बसवावेत, नंतर माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आवळावे.
६) वायर सायलेन्सरला टेकणार नाही अशी बांधावी.

दिवा काही फेऱ्यांनंतरही न विझल्यास कोड पुसून घ्यावा. गाडी वॉरंटीत असल्यास मात्र हे काम घरी न करता अधिकृत सेवा केंद्रातच करून घ्यावे.