नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वनाधारित अर्थव्यवस्था

वनांची उत्पादनक्षमता व जैवविविधता टिकवून वनउपज, प्रक्रिया आणि वृक्षलागवड यांतून स्थानिक समाजास उपजीविका मिळवून देणाऱ्या व्यवस्थेस शाश्वत वनाधारित अर्थव्यवस्था म्हणतात. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या शेजारच्या जिल्ह्यांत या प्रश्नाची दोन भिन्न रूपे आढळतात. नांदेडच्या किनवट व माहूर तालुक्यांत वने आहेत, तर लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे.

किनवट-माहूरची वने

पैनगंगा नदीच्या खोऱ्यातील ही वने शुष्क पानझडी प्रकारची आहेत. साग, ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू व पळस हे येथील प्रमुख वृक्ष होत. किनवटचा प्रदेश पूर्वी हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो नांदेड जिल्ह्यात आला. येथे गोंड, कोलाम, आंध व प्रधान या आदिवासी जमाती तसेच बंजारा समाज राहतो. या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे.

वनउपज आणि संकलनाच्या मर्यादा

मोहाची फुले व तेंदूपाने उन्हाळ्यात गोळा होतात. शेतीची कामे थांबलेली असल्यामुळे कोरडवाहू कुटुंबांना या हंगामातील रोख उत्पन्नाचा मोठा आधार असतो. महाराष्ट्रात तेंदूपानांची मोजणी ७० पानांच्या पुड्यांनी होते आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. डिंक, चारोळी, बिबा, मध व सीताफळ ही इतर गौण वनउपजे होत.

संकलनाची पद्धत चुकल्यास हे उत्पन्न घटत जाते. मोहाची फुले सहज वेचता यावीत किंवा तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग रोपे जाळते व नैसर्गिक पुनरुत्पादन थांबवते. चारोळीसाठी फांद्या तोडल्यास पुढील वर्षांची फळे कमी होतात. झाडाखालचा पालापाचोळा झाडून बाजूला करणे, झाडाखाली जाळी बांधणे, पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापणे आणि काही फळे बियाण्यासाठी राखणे हे त्यावरील सोपे उपाय आहेत.

हक्क व मूल्यवर्धन

वनहक्क कायदा, २००६ नुसार पात्र ग्रामस्थांना गौण वनउपजाची मालकी, संकलन व विक्री यांचा हक्क मिळतो. सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही ग्रामसभेच्या माध्यमातून बजावता येतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः केली. उत्पन्न गावाच्या हाती आल्यास वन राखण्यात गावाचे हित निर्माण होते, हे या उदाहरणाचे सार आहे.

कच्चा माल हंगामातच विकावा लागल्यास भाव व्यापारी ठरवतो. साठवण, प्रतवारी व प्रक्रिया गावात झाल्यास त्या भावातील मोठा वाटा संकलकाकडे राहतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या वनधन योजनेत यासाठी स्वयंसहाय्यता गटांची केंद्रे उभारली जातात.

लातूर : वनाबाहेरील वृक्षसंपदा

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा अवर्षणप्रवण जिल्ह्यात नैसर्गिक वन अत्यल्प असल्याने बांधावरील व शेतातील झाडांना विशेष महत्त्व येते. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे त्याच्या तोडीवरील व वाहतुकीवरील निर्बंध सैल झाले. औसा तालुक्यातील लोदगा येथे बांबूची रोपवाटिका व बांबूपासून फर्निचर बनविण्याचा उद्योग उभा राहिला आहे. मात्र एकाच प्रजातीची लागवड मिश्र वनाची जागा घेऊ शकत नाही, तसेच सुरुवातीच्या वर्षांत रोपांना पाणी द्यावे लागते.

आव्हाने

अभयारण्यात वनउपज काढण्यावर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ची बंधने आहेत. त्यामुळे संवर्धन आणि उपजीविका यांत संघर्ष संभवतो. सागाची अवैध तोड, वणवे, चराई व वन्यप्राण्यांकडून होणारे पीकनुकसान या समस्याही आहेत. प्राण्यांचे संचारमार्ग जिल्ह्यांच्या सीमा मानत नाहीत; २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातील एक तरुण वाघ शेतशिवारे ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. त्यामुळे अभयारण्यांबाहेरील गावांचा सहभाग आणि पीकनुकसानीची वेळेवर भरपाई हे घटक संवर्धनासाठी निर्णायक ठरतात.