रोजकीर्द आणि खतावणी

लेखांक सातवा

नगर-पुणे रस्त्यावर वाडेगव्हाणला उतरून राळेगणसिद्धीकडे वळले, की पारनेर तालुक्याची ती मुरमाड, अवर्षणग्रस्त जमीन लागते, जिच्यावर वर्षाकाठी जेमतेम चारपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. 1975 साली लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी प्रथम यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि पुढे ग्रामस्थांच्या श्रमदानातून नालाबांध, समतल चर व पाझर तलाव यांची कामे उभी राहिली, तेव्हा आभाळातून येणारे पाणी काही वाढले नव्हते. पडलेले पाणी पूर्वी ओढ्यावाटे निघून जात असे, ते आता शिवारात मुक्काम करू लागले आणि विहिरींना पाझर फुटले. त्या बांधांवरून एकदा हिंडत असताना मला माझ्या तरुणपणातील शास्त्रवाचनाची आठवण झाली आणि मन खिन्न झाले.

त्या काळी मी नेमाने दररोज तीन अध्याय आणि रविवारी पाच असा शिरस्ता ठेवला होता. कारण पवित्र शास्त्रातील सहासष्ट पुस्तकांचे 1189 अध्याय या हिशेबाने वर्षाच्या आत संपतात. लेवीय आणि गणना या पुस्तकांपाशी गोडी आटली, तरी वेग मात्र मी सोडला नाही. वर्ष संपले, सर्व अध्यायांवर खुणा झाल्या, आणि डिसेंबरात कुणी विचारले असते की, जूनमध्ये काय वाचलेस, तर मला एक वचनही सांगता आले नसते. पाऊस पुष्कळ झाला होता, बांध एकही नव्हता.

प्रार्थनेची वेळ कशी राखावी, याचा विचार मागील लेखांकात केला. त्या वेळेत हाती धरावयाच्या ग्रंथाशी कसे वागावे, हा आजचा विषय आहे, आणि त्यासाठी ज्या मनुष्याकडे पाहावे असे मला वाटते, त्याची हयातीतील अनेक वर्षे आपल्याच नगर जिल्ह्यात गेली. 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावकडे जात होते, तेव्हा डब्यातील एका गोऱ्या सहप्रवाशाशी काव्यावरून त्यांचे संभाषण जमले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. ग्रंथाविषयी टिळकांना आस्था नव्हती. वाचण्याचा शब्द दिला होता, एवढ्यासाठी त्यांनी तो उघडला. आरंभीची पाने त्यांना कंटाळवाणी वाटली. परंतु मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, ज्याला आपण डोंगरावरील प्रवचन म्हणतो तेथे, ते जे थबकले, ते तेथून हलेचनात. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले, लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि 1900 साली त्यांनीही स्वतःच्या अंतःकरणाचा कौल घेऊन तोच मार्ग धरला. पतीने अर्धवट ठेवलेल्या ‘ख्रिस्तायना’त पुढे चौसष्ट अध्यायांची भर घालणारी हीच स्त्री, जिचे लेखनवाचन विवाहानंतर पतीच्या शिकवणुकीने सुरू झाले होते! टिळकांनी किती वाचले, यापेक्षा ते कोठे थांबले, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते; थांबण्याची ती कला रोजच्या वाचकालाही साधता येते, आणि तिचे साधन अगदी जुने, दुकानदाराच्या पेढीवरचे आहे.

पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत त्या त्या दिवशीचा व्यवहार तारीखवार उतरे, आणि सवडीने तीच रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जाई. शास्त्राचा अभ्यास करणाऱ्याने अशाच दोन वह्या कराव्यात. रोजकीर्दीत तारीख, वाचलेला उतारा आणि ज्या वचनापाशी मन अडले त्याविषयी एकच ओळ लिहावी. समजले नसेल, तर समजले नाही असेच लिहावे, कारण प्रामाणिक शंका ही देखील नोंदच होय. शनिवारी रात्री सात दिवसांच्या नोंदी खतावणीत खतवाव्यात. एक पान क्षमेचे, एक भयाचे, एक पैशाचे, एक आजारपणाचे, एक शेजाऱ्याचे. सहा महिन्यांनी क्षमेच्या पानावर योसेफाने भावांना ओळख दिल्याचा प्रसंग, एक्कावन्नावे स्तोत्र, उधळ्या पुत्राचा दृष्टांत आणि क्रुसावरून केलेली विनंती शेजारी शेजारी येऊन बसतात, तेव्हा निरनिराळ्या शतकांत लिहिलेली ही पुस्तके एकमेकांशी बोलू लागतात, आणि भावाशी चाललेल्या बांधाच्या तंट्याविषयी आपले काय चुकते आहे, हे कुणी न सांगता ध्यानात येते. माझ्या स्वतःच्या खतावणीत पैशाचे पान वर्षभर कोरे राहिले होते. शास्त्रात त्याविषयी विपुल आहे. मीच तेथे थांबत नव्हतो.

शब्दांच्या अभ्यासाबाबत पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुणे जिल्ह्यातील केडगावी (नगर शहरालगतचे केडगाव ते निराळे) मुक्ती मिशनचा प्रचंड संसार सांभाळीत असताना या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात केल्या, आणि खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही कळावे अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. संस्कृताची अधिकारी पंडिता जाणूनबुजून साध्या शब्दाचा शोध घेते, यातील नम्रता मला फार थोर वाटते. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या आणि ते भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. बायबल सोसायटीची प्रचलित आवृत्ती आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ही जवळ असली, म्हणजे एकच वचन दोन ठिकाणी ताडून पाहता येते. जेथे शब्द वेगळे पडतात, तेथे मूळ अर्थाची खोली दडलेली असते आणि तेथेच अर्धा तास बसावे. मोठी टीका-भाष्ये त्यानंतर उघडावीत.

वाचन संपल्यावर प्रार्थना करावयाची, असे दोन कप्पे मात्र करू नयेत. जे वचन अडले त्याचेच शब्द आपल्या भाषेत परत देवापाशी बोलावेत. आभाराचे असेल तर आभार, दोष दाखविणारे असेल तर कबुली. येशू पहाट होण्यापूर्वी उठून एकांतात प्रार्थनेस गेला, असे मार्क पहिल्याच अध्यायात सांगतो. पण ज्यांना भल्या पहाटे धारा काढावयाच्या असतात किंवा रात्रपाळीहून परतावयाचे असते, त्यांनी त्यावरून स्वतःस अपराधी समजू नये. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकीत असे, तोही राज्याचा कारभार पाहणारा मनुष्य होता. सायंकाळी दिवा लागल्यावर घरातील लहानथोर मिळून एक भजन, एक उतारा आणि प्रभूची प्रार्थना, एवढे झाले तरी घराला वळण राहते. उतारा मुलांकडून वाचवून घ्यावा, अडखळली तरी मध्ये बोलू नये.

या आठवड्यासाठी मत्तयाचे अध्याय पाच, सहा आणि सात घ्यावेत. तिन्ही मिळून 111 वचने आहेत, दिवसाला सोळा घेतली तर सात दिवसांत पुरी होतात. एखाद्या दिवशी तिसऱ्याच वचनापाशी थांबावेसे वाटले, तर थांबावे आणि उरलेली तेरा दुसऱ्या आठवड्याकडे बाकी ओढावीत. पुढील लेखांकात स्तोत्रसंहितेचा विचार करू, आणि विशेषेकरून ज्या स्तोत्रांत उपासक देवापाशी तक्रार करतो, ती मोठ्याने कशी वाचावीत, याचा.