धरणाचे पाणी आणि धोरणाची वाट

अभियांत्रिकी आणि सार्वजनिक धोरण या दोन विद्याशाखा आपल्याकडे परंपरेने वेगळ्या इमारतींत शिकविल्या जातात. धरण किती उंच असावे, हे अभियंत्याने सांगायचे आणि त्याचे पाणी कोणाला द्यायचे, हे शासनाने ठरवायचे, अशी ही विभागणी आहे. ती किती अपुरी ठरते, हे रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या शेजारच्या दोन तालुक्यांत स्पष्ट दिसते.

पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. त्याच तालुक्याच्या खारेपाटात मात्र भूजल खारे असल्याने विहीर खणून भागत नाही आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळी हा विषय ऐरणीवर आला. आमची जमीन हेटवणेच्या लाभक्षेत्रात आहे, ती उद्योगासाठी घेऊ नये, अशी शेतकऱ्यांची भूमिका होती. २१ सप्टेंबर २००८ रोजी लाभक्षेत्रातील २२ गावांत जनमत घेण्यात आले. ‘लाभक्षेत्र’ ही नकाशावरील तांत्रिक संज्ञा. पण कालवा प्रत्यक्षात शेतापर्यंत पोहोचतो की नाही, यावर शेतकऱ्याचा हक्क अवलंबून राहतो.

रोह्याची कुंडलिका हे दुसरे उदाहरण. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली आणून भिरा येथे १९२७ पासून वीज निर्माण केली जाते आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेत येते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात नदीला किती पाणी असेल, हे बव्हंशी विजेच्या मागणीवर ठरते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून शेतीचे कालवे निघतात. धाटावच्या रासायनिक कारखान्यांनाही पाणी लागते आणि त्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न आहेच. वीज, सिंचन, उद्योग आणि प्रदूषण या प्रत्येकाचे खाते वेगळे, नदी मात्र एकच.

असे प्रश्न सोडविण्यासाठी प्रवाह मोजता यावा लागतो, तसाच शासननिर्णयही वाचता यावा लागतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७० च्या दशकापासून या जोड-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत १९८५ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ केंद्र स्थापन झाले. तेथील एम.टेक. अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना खेड्यात राहून अभ्यास करावा लागतो. नळयोजना का बंद पडली, याचे उत्तर त्यांना पंपाच्या क्षमतेत शोधायचे असते, तसेच वीजबिल, पाणीपट्टी आणि ग्रामपंचायतीच्या कारभारातही.

स्थानिक महाविद्यालयांनीही आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत, ही कल्पना २०१६ मध्ये राज्याच्या उन्नत महाराष्ट्र अभियानातून पुढे आली. रायगडात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. खारेपाटातील एका गावाला रोज किती पाणी मिळते, कुंडलिकेत कोणत्या महिन्यात किती प्रवाह असतो, याच्या नोंदी विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे ठेवल्या, तर पाणीवाटपाच्या बैठकीत ग्रामस्थांच्या तक्रारीला आकड्यांचा आधार मिळेल. आज धरणाचे आकडे ज्याच्याकडे असतात, त्याचाच शब्द अशा बैठकीत अखेरचा ठरतो.