टिल्ट : डोकं फिरलं की डाव संपला!

रात्रीचे दोन. लांबून कळमेश्वर स्टेशनवरून मालगाडी गेल्याचा आवाज येतोय. सकाळी प्रॅक्टिकल आहे, जर्नल अर्धं आहे, आणि आपण मोबाईल हातात धरून म्हणतोय, "बस, शेवटचा एक गेम!" मित्रांनो, हा शेवटचा गेम कधीच शेवटचा नसतो. या आजाराला खेळाडूंच्या भाषेत नाव आहे, टिल्ट.

हा शब्द पिनबॉलच्या मशीनवरून आला. कुणी रागाने मशीन जोरात हलवली की 'टिल्ट' असा दिवा लागायचा आणि चालू चेंडू बाद. पोकरवाल्यांनी तो उचलला. हातातली पानं न बघता मागच्या डावाचा राग काढायला माणूस खेळू लागला, की तो टिल्टवर गेला.

पोकरमध्ये हे जास्त का होतं? कारण तिथे बरोबर खेळूनही हरता येतं. तुमच्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे आणि सगळे पैसे मधे. तरीही साधारण पाचातून एकदा राजेवाला जिंकतो. हे गणित आहे, अन्याय नव्हे. पण रात्री दोनला गणित कुणाला आठवतं?

मी फर्स्ट इयरला ऑनलाईन पोकरमध्ये परीक्षा फीचे पैसे घालवले. मला वाटलं, दोष फॉरमॅटचा. कॅश टेबलवर हरलं की पुन्हा पैसे टाकून बसता येतं, म्हणून टूर्नामेंटकडे वळलो. तिथे एकदाच फी भरायची, चिप्स संपल्या की बाहेर. एका टूर्नामेंटचा तोटा ठरलेला, हे खरं. पण मी बाहेर पडलो की लगेच पुढची फी भरायचो! मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळच बंद केले. सुटलो बुवा, म्हणून फुकटच्या बुद्धिबळाकडे आलो. तीन मिनिटांचा ब्लिट्झ. इथे पानांचं नशीब नाही, पैसा नाही. तरी पहिले पाढे पंचावन्न! एका रात्रीत दीडशे रेटिंग खलास. फॉरमॅट बदलला होता, खेळणारा तोच होता.

जरा हिशोब करू. तोडीस तोड खेळाडूंशी तुम्ही २० गेम खेळलात आणि बरोबरी धरली नाही, तर त्यात कुठेतरी सलग पाच हरण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. म्हणजे अशी रात्र येणारच. आपण बिघडलो म्हणून नव्हे, नाणंसुद्धा असंच पडतं. बिघडतो ते सहाव्या गेमला, पाचही एकदम वसूल करायला जातो तेव्हा.

आता आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बघा. जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, महिला विश्वचषकाची फायनल, समोर कोनेरू हम्पी. पहिल्या डावात दिव्याच्या हातून जिंकायची संधी निसटली, डाव बरोबरीत. दुसराही बरोबरीत. २८ जुलैला फॉरमॅटच बदलला : रॅपिड, १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद. पहिला रॅपिड बरोबरीत, दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. १९ व्या वर्षी विश्वचषक आणि सोबत ग्रँडमास्टर किताब! निसटलेल्या संधीचा हिशोब ती पुढच्या डावात चुकवत बसली असती, तर?

माझे तीन नियम सांगतो. पहिला, सलग दोन हरलो की बंद. आणि हे बसायच्या आधी ठरवायचं, कारण हरल्यावर ठरवणारं डोकं आपलं नसतं. दुसरा, ब्लिट्झऐवजी १५ मिनिटांचा गेम, आणि कुठली चाल चुकली ते सापडल्याशिवाय पुढचा नाही. तिसरा, अकरा वाजले की मोबाईल रूममेटच्या ताब्यात. तो शिव्या देतो, पण ठेवतो.

धर्मराजाचं काय झालं? राज्य गेलं, भाऊ गेले, तरी पटावरून उठला नाही. वर दुसऱ्यांदा बोलावलं तर परत जाऊन बसला! फासे शकुनीचे होते, पण उठणं तर त्याच्याच हातात होतं.

राहता राहिली ती फी. बाबांना थाप मारून मी ती दुसऱ्यांदा मागवली होती. अजून त्यांना सांगितलेलं नाही. हा अंक दिवाळीला घरी घेऊन जाणार आहे. हे पान उघडून त्यांच्या हातात देईन म्हणतो.